डाग जुना, पाहुणा नवा

दुपारचे दोन वाजून गेले होते. बाकावरचे शेवटचे रुग्ण आत आले. पन्नाशी उलटलेले, अंगाने किडकिडीत गृहस्थ आणि त्यांच्या मागे त्यांची पत्नी. गृहस्थांनी तोंडाला रुमाल लावला होता. बाईंच्या हातात एक मोठी प्लास्टिकची पिशवी होती आणि तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती ट्रंकेतून नुकतीच काढली असावी.

"डॉक्टरसाहेब, ह्यांना पुन्हा तेच झालंय," बाई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. 'तेच' म्हणजे काय हे सांगायचे त्यांनी टाळले. चौदा वर्षांपूर्वी गृहस्थांना फुफ्फुसाचा क्षय झाला होता. औषधे पूर्ण घेतली, बरे झाले, पुन्हा शिवणयंत्रावर बसले. ते देवासला शिंपीकाम करतात. मग पाच महिन्यांपूर्वी खोकला सुरू झाला आणि एका सकाळी बेडक्यात रक्ताची गुठळी दिसली. जवळच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, डाग पाहिला आणि क्षयाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. चार महिने झाले. लघवी केशरी होते, तोंडाला चव नाही, वजन घटले आणि रक्त मात्र थांबले नाही.

"बेडका तपासला होता का?" मी विचारले.

"नाही. फोटो पाहून म्हणाले, जुनाच रोग उलटलाय."

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग बाईच म्हणाल्या, "मुलगी बाळंतपणाला आली होती. पहिला नातू. ह्यांनी अजून त्याला हात लावला नाही. ताट-वाटी वेगळी, निजणं पडवीत. परवा मुलीला सासरी पाठवलं, तेव्हाही लांबूनच पाहिलं."

गृहस्थ खाली मान घालून ऐकत होते.

त्या पिशवीत चौदा वर्षांचे फोटो होते. माझ्या वाचकांना मी अनेकदा सांगितले आहे की जुने एक्स-रे रद्दीत टाकू नका. या बाईंनी कुणी न सांगताच ते सांभाळले होते. मी तीन फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले आणि दोघांना उठून जवळ यायला सांगितले. रुग्णाला त्याचा फोटो दाखवावा, या मताचा मी आहे. न समजणारे असे त्यात काही नसते.

एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते, हाडे पांढरी दिसतात, रक्त, मांस व पाणी करडे दिसते. फुफ्फुस हवेने भरलेले म्हणून ते काळसर. पहिला फोटो क्षयाचे औषध संपले तेव्हाचा. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढी एक काळी पोकळी, भोवती पांढरी कड. क्षयाने तेवढा भाग पोखरून टाकला होता. जंतू मेले, पण खड्डा राहिला. दुसरा फोटो नऊ वर्षांपूर्वीचा, हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेला. पोकळी तशीच, रिकामी. तिसरा चार महिन्यांपूर्वीचा. पोकळी तीच, जागाही तीच, पण आता तिच्यात एक करडा गोळा बसला होता आणि गोळ्याच्या वरच्या अंगाला हवेची एक बारीक काळी कोर उरली होती, बीजेच्या चंद्रासारखी.

ही कोर पाहिली की आम्हा छातीच्या डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येते ते बुरशीचे. क्षयाचे नाव त्यानंतर येते.

मी गृहस्थांना पालथे झोपवून आणखी एक फोटो काढायला सांगितला. त्यात गोळा सरकून पोकळीच्या पुढच्या भिंतीला टेकला होता. डब्यात ठेवलेला लाडू डबा कलता केला की घरंगळतो, तसा. भिंतीला चिकटलेली गाठ अशी हलत नाही. हलणारा गोळा म्हणजे बहुधा बुरशीचे तंतू, मेलेल्या पेशी आणि कफ यांचा गुंता. त्याला अॅस्परजिलोमा म्हणतात.

ही बुरशी येते कुठून?

कुठून येते असे विचारण्यापेक्षा ती कुठे नाही, असे विचारावे. अॅस्परजिलस ही कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर, शेणखतात, ओल आलेल्या धान्यावर, पावसाळ्यात भिजलेल्या भिंतीवर, जुन्या गाद्यांत वाढणारी बुरशी. तिचे बीजाणू मिलिमीटरच्या तीनशेव्या-चारशेव्या भागाएवढे असतात. आपण सगळेच ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपल्याला काही होत नाही. फुफ्फुसातल्या पांढऱ्या पेशी ते गिळून टाकतात. बहुतेक बुरश्यांना आपल्या शरीराची ३७ अंशांची ऊब सोसत नाही. या घराण्यातल्या फ्युमिगेटस नावाच्या जातीला मात्र ती चांगलीच मानवते, कारण उकिरड्याच्या पोटातली उष्णता तिच्या सवयीची असते.

तिचे नाव एका धर्मगुरूने ठेवले आहे. १७२९ मध्ये फ्लॉरेन्सच्या पिएर अन्तोनिओ मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञ पाद्रीने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्यासाठी वापरतात त्या दांडीची, म्हणजे अॅस्परजिलमची, त्याला आठवण झाली. दांडी आणि टोकाला गोल बोंड. या घराण्यातली सगळीच मंडळी वाईट आहेत असेही नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल कारखान्यात बनते ते हिच्याच एका काळ्या बहिणीकडून.

मग शिंपीदादांच्याच फुफ्फुसात तिने घर का केले? कारण तिथे रिकामे घर होते. पोकळीत रक्तपुरवठा नाही, त्यामुळे पहारेकरी पेशी तिथे नीट पोचत नाहीत. हवा खेळती, ऊब कायमची, ओलावा भरपूर. बीजाणू आत पडला की त्याला हुसकावणारे कुणी नसते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात, क्षय बरा होऊन फुफ्फुसात मोठी पोकळी राहिलेल्या पाचशेहून अधिक रुग्णांची पाहणी झाली होती. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. ज्या देशात जगातले सर्वांत जास्त क्षयरुग्ण आहेत, तिथे अशा किती पोकळ्या असतील याचा विचार वाचकांनीच करावा.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ही गोष्ट मी त्या दोघांना दोनदा सांगितली. बाईंनी तिसऱ्यांदा विचारले, "नातवाला घेतलं तर?" मी म्हटले, क्षयाचे जंतू नाहीत एवढी एकदा खात्री करून घेऊ द्या, मग खुशाल घ्या.

नुसत्या फोटोवर विसंबू नये

कारण फोटोही फसवतो. पोकळीत गोळा दिसला म्हणजे बुरशीच, असे शपथेवर सांगता येत नाही. रक्ताची गुठळी तशी दिसू शकते, कर्करोगाची गाठ आतून पोखरली गेली की तशी दिसते, कुत्र्यांपासून माणसाला होणाऱ्या हायडॅटिडच्या पुटकुळीचे फाटलेले आवरणही तसा भास करून देते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या पन्नाशीच्या माणसात कर्करोगाची शंका तर कधीच सोडू नये. शिवाय बुरशी आणि क्षय एकाच पोकळीत एकत्रही नांदू शकतात. म्हणून पुढच्या तपासण्या.

पहिली बेडक्याची. खोल खोकून, सकाळच्या पारी काढलेला बेडका हवा, तोंडातली लाळ नको. हे प्रत्येक रुग्णाला समजावून सांगावे लागते आणि बरेचदा सांगितले जात नाही. पूर्वी क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाने शोधायचे आणि ते वाढवून पाहायचे तर सहा-आठ आठवडे थांबायचे, एवढाच मार्ग होता. आज सीबीनॅट आणि आपल्या देशात विकसित झालेली ट्रूनॅट ही यंत्रे जंतूचा जनुकीय माग काढून काही तासांत उत्तर देतात. सरकारी केंद्रात या तपासण्या फुकट होतात. पण इथेही एक खोच आहे. ज्याला पूर्वी क्षय होऊन गेला त्याच्या बेडक्यात मेलेल्या जंतूंचे अवशेष राहिलेले असू शकतात आणि यंत्र त्यांनाही 'आहे' म्हणते. अशा वेळी जंतू जिवंत आहे का हे पाहण्यासाठी तो वाढवून बघण्याची जुनी, सावकाश पद्धतच कामी येते. आमच्या शिंपीदादांचे दोन्ही नमुने निखळ नकारार्थी आले आणि पुढे जंतूही वाढले नाहीत.

दुसरी तपासणी रक्ताची. अॅस्परजिलसविरुद्धचे आयजीजी नावाचे प्रतिद्रव्य मोजतात. जुनाट बुरशीच्या रोगात ते बहुतेकांच्या रक्तात वाढलेले असते. फोटोतली खूण, तीन महिन्यांहून अधिक काळची तक्रार आणि हे वाढलेले प्रतिद्रव्य, अशी तिन्ही साक्षी जुळली की निदान पक्के धरायला हरकत नसते. ही तपासणी सगळीकडे होत नाही आणि स्वस्तही नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवता येतो, पण मुळात ती सुचायला हवी. माझे म्हणणे एवढेच की सहा महिने नको त्या गोळ्या खाण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

तिसरी, सीटी स्कॅन. साधा एक्स-रे म्हणजे पावाची सबंध लादी समोरून पाहणे. स्कॅन म्हणजे तिचे काप करून एकेक काप उलगडून पाहणे. १९७१ मध्ये इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू असा कापाकापाने पाहिला. पुढे १९७९ मध्ये त्यांना आणि अॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्कॅनमध्ये पोकळीची भिंत किती जाड झाली, गोळ्यात हवेचे स्पंजासारखे कप्पे आहेत का, शेजारी दुसऱ्या बारीक पोकळ्या होताहेत का, रक्तवाहिन्या किती फुगल्या आहेत, हे सारे दिसते. शिंपीदादांच्या पोकळीची भिंत जाड झाली होती आणि शेजारी दोन लहान पोकळ्या होत्या. म्हणजे बुरशी नुसती भाडेकरू म्हणून राहत नव्हती, ती हळूहळू घर वाढवत होती.

स्कॅनचे किरण साध्या फोटोपेक्षा किती तरी पट अधिक असतात. तेव्हा "एकदा होऊनच जाऊ द्या स्कॅन" असा आग्रह रुग्णांनी धरू नये आणि डॉक्टरांनीही दर महिन्याला तो काढायला लावू नये. गर्भवती स्त्रीने तर आधी तसे सांगावेच. पण ज्याला बेडक्यातून रक्त पडते आहे आणि ज्याच्या निदानाचा घोळ चार महिने चालला आहे, त्याच्यासाठी स्कॅनचा लाभ त्याच्या धोक्याहून खूपच मोठा असतो.

क्षयाच्या गोळ्या मी बंद केल्या. त्याला एक आणखी कारण होते. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध, ज्याने लघवी केशरी होते तेच, यकृताला असे कामाला लावते की बुरशीवरच्या इट्राकोनॅझोल गोळीचा अंश रक्तात फारच कमी उरतो. म्हणजे 'असू द्या, दोन्ही औषधे बरोबर चालू ठेवू' असा सावध विचार कुणी केला, तर दुसरे औषध घेतले न घेतले सारखेच. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांपासून दूर ठेवायची, हेही सांगितले. हृदय कमकुवत असलेल्यांना ती देताना फार जपावे लागते आणि अधूनमधून यकृताची तपासणी करावी लागते.

शस्त्रक्रियेने तो भागच काढून टाकणे हा अशा गोळ्यावरचा मुळातला उपाय. पण त्यासाठी बाकीचे फुफ्फुस धडधाकट हवे. शिंपीदादांना जिना चढताना दोनदा थांबावे लागत होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी नकार दिला आणि तो योग्यच होता.

औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. रात्री अकराला बाईंचा फोन आला. रक्त थांबत नव्हते, अर्धा तांब्या भरला होता. मी सांगितले, उजव्या कुशीवर निजवा आणि तसेच गाडीत घालून आणा. ही एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. ज्या बाजूचे फुफ्फुस आजारी आहे ती बाजू खाली ठेवायची, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरून श्वास कोंडत नाही. पाणी पाजत, बर्फ चघळायला देत घरी वेळ काढू नये. कपभर रक्त पडले तर ती मोठीच आणीबाणी समजावी.

त्या रात्री मोठ्या रुग्णालयात त्यांच्या जांघेतल्या रोहिणीतून एक बारीक नळी सरकवत छातीपर्यंत नेली. पडद्यावर औषधाची काळी रेघ रक्तवाहिन्यांतून पसरताना दिसत होती आणि पोकळीभोवती त्या रक्तवाहिन्यांचे जाळे वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत होते. नळीतून बारीक कण सोडून त्या बुजवल्या. रक्त पहाटेपर्यंत थांबले. एक्स-रे हे निदानाचे साधन असे आपण म्हणतो, पण त्या रात्री त्यानेच उपचार केला.

तीच बुरशी, दुसरा रोग

इथवर वाचून कुणाला वाटेल की ज्यांना क्षय होऊन गेला त्यांचाच हा प्रश्न. तसे नाही. इथे मला माझीच एक चूक सांगायला हवी.

बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे येत असे. लहानपणापासून दमा. एका पावसाळ्यात तिला ताप, खोकला आणि छातीच्या फोटोत डाग. मी क्षयाचे औषध सुरू केले. दोन महिन्यांनी तो डाग नाहीसा झाला आणि मी स्वतःवर खूश झालो. पुढच्या वर्षी दुसऱ्याच जागी डाग. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्षय असा जागा बदलत फिरत नाही.

दम्याच्या काही रुग्णांत ही बुरशी श्वासनलिकेतल्या कफात राहते आणि शरीर तिच्यावर वाजवीपेक्षा जास्त चवताळते. लढाई बुरशीशी, नुकसान आपल्याच नलिकांचे. इंग्लंडमध्ये १९५२ साली या रोगाचे पहिले वर्णन झाले. त्याचे लांबलचक नाव आहे, आम्ही त्याला नुसते एबीपीए म्हणतो. घट्ट कफाने नळ्या तुंबतात आणि एक्स-रेत त्या हातमोजा घातलेल्या बोटांसारख्या दिसतात. स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या मध्यभागातल्या नळ्या फुगलेल्या दिसतात. कधी कधी आतला कफ पाठीच्या स्नायूपेक्षाही पांढरा दिसतो. ही खूण सापडली की शंकेला जागाच उरत नाही. रुग्ण खोकून तपकिरी रंगाचे घट्ट तुकडे काढतो. ते तुकडे रुग्णाने दाखवले नाहीत तर डॉक्टरला कळायचे कसे? तेव्हा संकोच करू नये.

रक्तात पाहायचे ते आयजीई. या बुरशीविरुद्धचे आयजीई वाढलेले आणि एकूण आयजीई एका मिलिलिटरमागे ५०० एककांच्या वर असेल, तर पुढचा तपास करायचा. चंदिगढच्या पीजीआय संस्थेतल्या छातीरोग विभागाने या रोगावर केलेले काम जगभर मानले जाते. आपल्याकडे या रुग्णांपैकी अनेकांनी आधी क्षयाची औषधे खाल्लेली असतात, हेही तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. दम्याची औषधे नीट घेऊनही ज्याचा दमा आटोक्यात येत नाही, त्याने ही एक रक्ततपासणी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावी.

या मुलीला बरे केले ते स्टेरॉइडच्या गोळ्यांनी. स्टेरॉइड म्हणजे शरीराचा चवताळेपणा शांत करणारे औषध. आता गंमत पाहा. गंमत म्हणतो खरा, पण ती जिवावरची आहे. हेच स्टेरॉइड जास्त दिवस, जास्त मात्रेत दिले की दुसऱ्या एखाद्या माणसात हीच बुरशी फुफ्फुसाच्या मांसात शिरते आणि काही दिवसांत जीव घेऊ शकते. म्हणून 'छातीत बुरशी' एवढे दोन शब्द म्हणजे निदान नव्हे. कोणत्या माणसात, कशी बसलेली बुरशी, हे कळल्याशिवाय औषध देता येत नाही.

तो तिसरा प्रकार रक्ताच्या कर्करोगावर औषधे चाललेल्या, अवयव बदललेल्या, अतिदक्षता विभागात दिवस काढणाऱ्या रुग्णांचा. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात. अशा रुग्णाला ताप आला आणि तो प्रतिजैविकांना दाद देत नसेल तर साधा फोटो स्वच्छ दिसला तरी थांबत नाहीत, स्कॅन करतात. त्यात पांढऱ्या गाठीभोवती धुरकट खळे दिसते, पावसाळ्याआधी चंद्राला पडते तसे. बुरशी रक्तवाहिनीत शिरून भोवती रक्त झिरपल्याचे ते चिन्ह. हे खळे पहिल्या काही दिवसांतच ठळक असते, मग विरते. त्याच वेळी औषध सुरू झाले तर वाचण्याची शक्यता वाढते. बुरशीच्या भिंतीतून सुटणारा गॅलॅक्टोमॅनन नावाचा पदार्थ रक्तात किंवा दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात शोधतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत व्होरिकोनॅझोल या औषधाने बारा आठवड्यांनंतर १०० पैकी ७१ रुग्ण जिवंत होते, जुन्या औषधाने ५८.

आणि २०२१ चा उन्हाळा कोण विसरेल? करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'ब्लॅक फंगस' हा शब्द घरोघर पोचला. ती म्युकरची जात, वेगळ्याच घराण्यातली. ती स्वतः काळी नसते, तिने रक्त तोडलेले मांस काळे पडते. बहुतेकांना ती नाक-डोळ्यांत झाली, काहींना फुफ्फुसात. रक्तातली साखर वाढलेली आणि त्यात स्टेरॉइड, हे तिचे आवडते वातावरण. स्कॅनमध्ये इथे उलटे चित्र दिसते, मध्ये धुरकट आणि भोवती पांढरी घट्ट कडी. गॅलॅक्टोमॅननची तपासणी तिला पकडत नाही आणि व्होरिकोनॅझोल तिच्यावर चालत नाही, अॅम्फोटेरिसिन लागते. म्हणून शक्य असेल तिथे त्या भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अॅस्परजिलसचे तंतू बारीक, पेरापेरांचे आणि फाटा काढताना चिमटीसारखे. म्युकरचे रुंद, रिबिनीसारखे, काटकोनात फुटणारे. अनुभवी डॉक्टरला तो फरक नजरेने कळतो, आणि तेवढ्यावरून औषध बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ बुरशींची एक यादी काढली, ज्यांच्याकडे जगाने तातडीने लक्ष द्यावे अशांची. सर्वांत धोक्याच्या चौघींत अॅस्परजिलस फ्युमिगेटस आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा, कारण हा लेख छापून आला की आठवडाभर माझ्याकडे बेडक्याचे रिपोर्ट घेऊन माणसे येतील. 'अॅस्परजिलस वाढला' असे प्रयोगशाळेने लिहिले म्हणजे रोग झाला असे नव्हे. ती हवेतच असते. घशात बसलेली, डबीत पडलेली बुरशीही प्रयोगशाळेत वाढते. फोटो निर्मळ आहे, तक्रार काही नाही, तर त्या एका ओळीसाठी औषध घेऊ नये. आणि घरात भिंतीला ओल आली म्हणून धसका घेण्याचेही कारण नाही. ज्यांना दमा आहे, ज्यांच्या फुफ्फुसात जुनी पोकळी आहे, ज्यांची कर्करोगाची औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र माळे साफ करणे, जुने धान्य उपसणे, खताचा ढीग उलटणे ही कामे दुसऱ्यावर सोपवावी आणि घराचे तोडफोडीचे काम चालू असेल तर तिथून दूर राहावे.

फोटोंविषयी थोडे. गुंडाळी करून, गादीखाली, ओल्या माळ्यावर ठेवलेले फोटो एकमेकांना चिकटतात. सपाट, कोरडे, प्रत्येकावर तारीख असे ठेवावे. आजकाल मंडळी ट्यूबलाइटसमोर फोटो धरून मोबाइलने त्याचे चित्र काढतात आणि मला पाठवतात. त्यात मला मुख्यतः ट्यूबलाइट दिसते. मूळ फोटो आणा किंवा स्कॅनची चकती आणा. रिपोर्टचा कागद म्हणजे दुसऱ्याने पाहून लिहिलेले वर्णन. ते उपयोगी असतेच, पण नऊ वर्षांपूर्वीची रिकामी पोकळी कागद दाखवू शकत नाही.

शिंपीदादांना मी दोष दिला नाही आणि त्यांच्या पहिल्या डॉक्टरांनाही देत नाही. आपल्या देशात उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला डाग, खोकला आणि रक्त दिसले की दहांतले नऊ डॉक्टर क्षय म्हणतील, आणि बरेचदा बरोबरही ठरतील. त्या मुलीच्या वेळी मीही तेच म्हटले होते. तक्रार एवढीच की बेडका तपासला नाही आणि जुना फोटो मागितला नाही.

सहा महिन्यांनी दोघे पुन्हा आले. वजन चार किलो वाढले होते. मधल्या काळात दोनदा बेडक्याला लाल रेघ आली, पण तेवढेच. गोळा फोटोत अजून आहे, तो गोळ्यांनी विरघळून जाईल अशी आशा मी त्यांना दाखवली नाही. शेजारच्या दोन लहान पोकळ्या मात्र वाढलेल्या नाहीत. औषध चालू राहील. पुन्हा रक्त येऊ शकते, आणि आले तर काय करायचे ते आता दोघांना पाठ आहे. नातू जावळासाठी आजोळी येऊन गेला, हे बाईंनी आल्या आल्या सांगितले. मांडीवर कोण घेऊन बसले होते, तेही सांगितले.

प्लास्टिकची पिशवी या वेळी नव्हती. शिंपीदादांनी जाड खाकी कापडाची, आत पुठ्ठा घातलेली एक चपटी थैली शिवून आणली होती. फोटोच्या मापाचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर लाल दोऱ्याने वर्ष विणलेले. शेवटचे दोन कप्पे रिकामे होते.

"हे दोन कशाला?" मी विचारले.

"पुढच्यांसाठी, साहेब," ते म्हणाले आणि नवा फोटो काढायला आत गेले.